इशाऱ्याच्या दोऱ्या

१

हार्लोज रनच्या यार्डात सकाळची मालगाडी येऊन थांबली, तेव्हा इंजिनामागच्या तिसऱ्या डब्याच्या टपावर डोरसी विथरो पालथा पडलेला होता. एक पाय खाली लोंबत होता आणि टपाच्या कडेवरून रक्ताचे थेंब टपकत होते. टाकीवरच्या पाणक्याने ते आधी पाहिलं आणि बोंब ठोकली.

एल्ब्रिज मॉट आपल्या कारखान्यात फळीला रंधा मारत होता. मॉट या भागाचा कॉरोनर, म्हणजे अपघाती आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा. लोकांनी निवडून दिलेला, आणि धंद्याने शवपेट्या करणारा. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात रेल्वे आल्यापासून त्याच्या हाताला उसंत नव्हती. कुणी डबे जोडताना चिरडायचं, कुणी बर्फावरून पाय घसरून चाकाखाली जायचं. दारूच्या गुत्त्यात लोक त्याला विचारायचे, "काय मॉट, माप घ्यायला आलास की प्यायला?" तोही हसायचा. त्या दिवशी मात्र टपावरचा चेहरा त्याने ओळखला. हा एन्सलचा धाकटा.

एन्सल विथरो रुळांच्या गँगचा मुकादम. मॉट आणि तो एका बाकावर शिकले, एका नदीत मासे मारत मोठे झाले. मागच्या शरदात एन्सलचा थोरला, लूथर, दोन डब्यांमध्ये चिरडून मेला होता. त्याची पेटी मॉटनेच केली होती.

चौघांनी डोरसीला खाली उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि वरून ताडपत्री टाकली. गार्ड ओरिन हॅस्केल टोपी हातात घेऊन उभा होता. ड्रायव्हर व्हर्जिल टेट इंजिनाच्या पायरीवर मटकन बसला होता. त्याच्याशेजारी डोरसीचा जोडीदार, डब्यांच्या टपांवरून ब्रेक आवळणारा दुसरा ब्रेकवाला मिक कॉरिगन उभा होता. त्याच्या केसांमुळे सगळी लाइन त्याला तांबड्या म्हणे. त्याच्या उजव्या हाताला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं.

"वाकायचं विसरला," हॅस्केल म्हणाला. "बोगद्याच्या कपाळाला डोकं आपटलं. दुसरं काय?"

तेवढ्यात बोगद्याच्या काळ्या तोंडातून एन्सल बाहेर आला. खांद्यावर हातोडा, अंगात मेणकापडाचा कोट. रोज सकाळी तो रूळ तपासत पलीकडच्या तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. गर्दी बघून तो झपाझप चालू लागला. मग त्याची नजर तांबड्यावर गेली आणि तो जागच्या जागी थिजला. हातोडा खांद्यावरून घसरून रुळावर पडला, तरी त्याला भान नव्हतं. ताडपत्रीकडे त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

"कोण आहे खाली?" त्याने विचारलं. आवाज फाटलेला.

मॉट पुढे झाला. "एन्सल, थांब जरा..."

एन्सलने त्याला ढकललं आणि ताडपत्री उचलली. त्यानंतर जो आवाज त्याच्या तोंडून निघाला तो ऐकून इंजिनाजवळची माणसं दोन पावलं मागे सरली.

मॉटने गुडघे टेकून डोरसीचं डोकं हलकेच वळवलं. कपाळ स्वच्छ होतं. नाक, दात, सगळं धड. कवटी फुटली होती ती मागून.

"अदलाबदल झाली होती," ड्रायव्हर टेट पायरीवरून पुटपुटला. "पुढची जागा तांबड्याची. यानंच डोरसीकडून जागा बदलून घेतली."

एन्सल सावकाश उठला. डोळे कोरडे होते. "माझी दोन्ही पोरं यानंच खाल्ली," तो म्हणाला. लूथर चिरडला तेव्हा इंजिनाला मागे यायचा इशारा तांबड्यानेच दिला होता. सगळं यार्ड त्याच्याकडे वळलं.

२

जमावाने तांबड्याला तिथेच लोळवलं. हॅस्केल आणि टेट मध्ये पडले म्हणून तो वाचला. शेवटी त्याला निसरड्या रुळांवर टाकायची वाळू सुकवतात त्या खोपटात कोंडलं आणि बाहेर माणसं बसली. शेरीफ दुसऱ्या गावी होता, उद्या दुपारच्या आत येणार नव्हता.

"शेरीफ कशाला हवा?" गँगमधला एकजण म्हणाला. "दोरखंड आपल्याकडंही आहे."

"उद्या सकाळी मालाच्या शेडमध्ये चौकशी," मॉटने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझी चौकशी होऊ द्या. त्यानंतर तुमचं आणि शेरीफचं तुम्ही बघा."

"आणि तोवर तो पळाला तर?"

"मार खाऊन त्याला उभं राहता येत नाही. पळतो कुठं?"

एन्सल वाळूच्या खोपटासमोर एका ओंडक्यावर जाऊन बसला. लोक त्याला कॉफी आणून देत होते. ती त्याच्या हातातच गार होत होती.

मॉटने गार्डला बाजूला घेतलं. "ओरिन, चल माझ्याबरोबर. बोगद्याच्या वरच्या तोंडाकडं."

"तिथं काय आहे बघण्यासारखं?"

"मला काय माहीत? म्हणून तर जायचं."

बोगद्यातून चालताना दोघांच्या कंदिलांचा उजेड ओल्या भिंतींवर हलत होता. हॅस्केल कडक शिस्तीचा, रुक्ष माणूस. कोणी मेलं तरी आधी घड्याळ बघणारा, असं लोक म्हणत. पण बोगद्यात शिरल्यापासून त्याने घड्याळाला हातही लावला नव्हता.

"अदलाबदल तुला माहीत होती?" मॉटने विचारलं.

"गाडीवरच्या सगळ्यांना. मागच्या फेरीत डबे जोडताना तांबड्याची दोन बोटं साखळीत सापडली. वर कळवलं असतं तर कंपनीनं त्याला तिथल्या तिथं घरी बसवलं असतं. पुढच्या माणसाला सारखं उतरून डबे जोडावे-सोडावे लागतात. मागच्याला तेवढं नाही. डोरसीच म्हणाला, बोटं बरी होईपर्यंत मी पुढं राहतो."

"डोरसी म्हणाला, की तांबड्यानं मागितलं?"

"तांबड्यानं विचारलं आणि डोरसी हो म्हणाला. चांगला पोरगा होता रे. ज्याच्या हातून भाऊ गेला असं घरचे म्हणतात, त्याच्यासाठी कोण करतं एवढं?"

मॉट म्हणाला, "ओरिन, मला एक समजावून सांग. टेटनं ब्रेकची शिट्टी दिली की दोघं टपावर चढतात. पुढचा इंजिनाकडून निघतो आणि मागं जात जात टपावरची ब्रेकची चाकं आवळतो. मागचा गार्डाच्या डब्याकडून पुढं येतो. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे बोगदा येतो तेव्हा पुढच्या माणसाची पाठ बोगद्याकडं असते."

हॅस्केल थांबला. "असतेच. त्यात भोवती इंजिनाचा धूर. त्याला काही दिसत नाही. म्हणून तर दोऱ्या टांगल्यात."

त्या दोऱ्या मॉटने अनेकदा पाहिल्या होत्या. बोगद्याच्या वरच्या तोंडाअलीकडे रुळांच्या दोन्ही बाजूंना खांब, त्यांवर आडवी तुळई आणि तुळईवरून ओळीने लोंबणाऱ्या दोऱ्या. टपावर उभ्या माणसाच्या पाठीवर त्यांचे फटके बसले की त्याने असेल तिथे पालथं पडायचं. त्या फटक्यांनी कितीतरी ब्रेकवाल्यांचे जीव राखले होते.

"मग डोरसीला फटके बसले नाहीत का?" मॉटने विचारलं.

समोर उजेडाचा गोल मोठा होत होता. दोघं बाहेर आले. वर तुळईवर दोऱ्या लोंबत होत्या. एकही कमी नव्हती.

३

आदल्या संध्याकाळी गारठ्याचा पाऊस पडला होता, पडता पडता गोठणारा. पहाटेपर्यंत सगळा डोंगर काचेत बसवल्यासारखा झाला होता. आता ऊन नव्हतं. बर्फ जसाच्या तसा होता.

"बघ," हॅस्केल म्हणाला. "दोऱ्या जागेवर आहेत. पोराचं लक्ष नव्हतं, झालं. कशाला उगाच..."

"थांब." मॉट मान वर करून बघत होता. "ओरिन, गवताकडं बघ. तारेच्या कुंपणाकडं बघ. बर्फाच्या सुया कुठल्या दिशेनं आहेत?"

"खाली. पाणी काय वर गळणार?"

"आता दोऱ्यांकडं बघ."

हॅस्केलने पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. दोऱ्यांच्या वरच्या अर्ध्या भागावर बर्फाच्या सुया सरळ खाली लोंबत होत्या. खालच्या अर्ध्या भागावरच्या सुया मात्र आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. ओळीतल्या प्रत्येक दोरीवर हेच.

"हे काय भूत आहे?"

"भूत नाही. पाऊस पडत होता तेव्हा या दोऱ्यांची खालची टोकं वर घेऊन तुळईला बांधलेली होती. त्याच अवस्थेत बर्फ धरला. नंतर कुणीतरी त्या सोडल्या. टोकं खाली आली आणि सुया उलट्या झाल्या." मॉटने खांबाच्या पायथ्याशी वाकून पाहिलं. तिथे बर्फाचे ताजे तुकडे विखुरले होते, आणि खांबावर चढण्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांवरचा बर्फ खरडला गेला होता.

"बांधल्या काल संध्याकाळी," तो म्हणाला. "सोडल्या आज सकाळी, गाडी गेल्यावर. दोन्ही वेळा माणूस इथं हजर होता."

हॅस्केलने ओठ चाटले. "म्हणजे खून."

"खून. आणि तांबड्यानं केलेला नाही. काल संध्याकाळी तो कुठं होता?"

"डोंगरापलीकडं, पिकन्सला. खाणावळीत माझ्यासमोर बसून मटार खात होता, डाव्या हातानं. आणि सकाळी गाडीवरून उतरलाच नाही. फुटक्या हातानं या खुंट्यांवर कोण चढेल?" मग त्याला एकदम सुचलं. "पण मॉट, तसं बघितलं तर आम्ही सगळेच पिकन्सला होतो. गाडीवरचा प्रत्येक माणूस."

"म्हणूनच तुला बरोबर आणलं. ओरिन, दोऱ्या बांधल्या होत्या हे तुला आणि मला माहीत आहे. तिसरा माणूस फक्त एक, ज्यानं त्या बांधल्या. उद्यापर्यंत तोंड शिवून ठेवशील?"

"ठेवीन. पण हे डोरसीवर कोण उठेल रे? मुंगीला दुखवत नव्हता तो."

सकाळचं एक दृश्य मॉटच्या डोक्यात घोळत होतं. ते तिथून जावं म्हणून तो धडपडत होता आणि ते जात नव्हतं.

४

वाळूच्या खोपटात उकडत होतं. तांबड्या कोपऱ्यात वाळूवर पडला होता. एक डोळा पुरता मिटलेला. मॉटला हा माणूस कधीच आवडला नव्हता. बडबड्या, खोडकर, दुसऱ्याच्या जेवणाच्या डब्यात मेलेला उंदीर ठेवून हसणारा.

"पेटीचं माप घ्यायला आलास?" तांबड्याने विचारलं. "आडवा आहेच. घे."

"जागा बदलायचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"गाडीवरच्यांना. बस्स. कंपनीला कळू द्यायचं नव्हतं ना."

"गावात?"

"कुणाला नाही." मग तो थोडा उठून बसला. "डोरसीनं एकच अट घातली होती. बाला कळता कामा नये. माझं नाव त्या घरात चालत नाही. मी म्हटलं, अरे मला तरी कुठं सांगायचंय तुझ्या म्हाताऱ्याला! आईला सांगतो म्हणाला. आईपासून तो काही लपवत नसे."

बाहेर कुणीतरी दारावर दगड मारला. तांबड्या दचकला आणि पोटाशी पाय घेऊन बसला.

"मॉट, ते मला टांगणार आहेत का?"

"मला एक खरं सांग. लूथर कसा मेला?"

तांबड्याने दुसरीकडे पाहिलं.

"कंपनीच्या साहेबानं लिहिलं, स्वतःच्या हलगर्जीपणानं," मॉट म्हणाला. "इंजिनाला मागं यायचा इशारा तू दिलास. त्याला वाकलेला बघून दिलास की न बघता?"

त्याने बोटांवरच्या फडक्याचं टोक दातांत धरून आवळलं.

"बघून," तांबड्या शेवटी म्हणाला. "तो डब्यांच्या मध्ये वाकून पिन बसवत होता. नेहमी शहाणपण शिकवायचा मला. म्हटलं, जरा उडवू याला. डबा हलला की बेडकासारखी उडी मारेल, सगळे हसतील. हात हलवला. इंजिन जरा जोरात आलं." त्याने नाकावरून मनगट फिरवलं. "तो उडालाच नाही, मॉट. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं."

"डोरसीला माहीत होतं हे?"

"वेडा आहेस का? माहीत असतं तर त्यानं माझ्यासाठी जागा बदलली असती?"

मॉट उठला. त्या क्षणी दार उघडं टाकून निघून जावं आणि बाहेरच्यांना जे करायचं ते करू द्यावं, असं त्याला फार वाटलं. त्याने दार ओढून घेतलं आणि कडी घातली. ओंडक्यावर बसलेल्या एन्सलने मान वर केली.

"काय म्हणतोय?" त्याने विचारलं.

"घाबरलाय," मॉट म्हणाला.

"घाबरू दे." एन्सलच्या चेहऱ्यावर ऊब आल्यासारखी वाटली. "उद्या सुटता कामा नये, एल्ब्रिज. एकदा सुटला. आता नाही."

५

विथरोंचं घर रुळांच्या कडेला, मुकादमाला कंपनीने दिलेलं. ऑर्फा विथरो स्वयंपाकघरात डोरसीचा रविवारचा सदरा इस्त्री करत होती. सकाळपासून ती एकदाही रडली नव्हती, असं शेजारणींनी दारातच कुजबुजून सांगितलं.

"बस, एल्ब्रिज," ती म्हणाली. "कॉलर नीट बसत नाही याची. मानेला लहान पडायचा हा सदरा."

"ऑर्फा, डोरसीनं तुला काही सांगितलं होतं का? गाडीवरच्या कामाबद्दल?"

इस्त्री थांबली. तिने दाराकडे पाहिलं. "ती जागा बदलल्याचं? सांगितलं की. रविवारी जेवायला होता. शेंगांची उसळ केली होती, मक्याची भाकरी. एन्सल बाहेर तंबाखू ओढायला गेला तेव्हा हळूच म्हणाला, आई, थोडे दिवस मी पुढच्या बाजूला आहे, तांबड्याचा हात दुखावलाय, काळजी करू नको."

"एन्सलला सांगितलंस?"

"सांगून काय वाढलेलं ताट भिंतीवर फेकून घ्यायचं? लूथर गेल्यापासून या घरात ते नाव काढायची सोय नाही. एकदा माझ्या तोंडून निघालं तर दोन दिवस जेवला नव्हता. आणि डोरसीनं त्याच माणसासाठी आपली जागा सोडली हे कळलं असतं तर पोराला घराबाहेर काढला असता त्यानं." तिने सदऱ्याची बाही उलटी केली. "म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. कळायचंच कशाला?"

मॉटने खुर्चीची कड घट्ट धरली. "काल संध्याकाळी एन्सल कुठं होता?"

"असल्या पावसात तो घरी बसेल होय? बोगद्याच्या वरच्या तोंडाला बर्फ धरतो, तो फोडायला गेला होता. गँगमधलं कुणी बरोबर घेतलं नाही. म्हणाला, त्यांना कशाला भिजवू. परत आला तेव्हा कोट असा ताठ झाला होता की काढून उभा ठेवला तर उभा राहिला असता." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "इतका करतो रे रेल्वेसाठी. आणि रेल्वेनं त्याची दोन पोरं घेतली."

बोलण्यासारखं मॉटकडे एकच वाक्य होतं आणि ते त्याला तिथे बोलता येत नव्हतं.

ऑर्फाने इस्त्री चुलीवर ठेवली आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"एल्ब्रिज," ती म्हणाली, "तू असा पांढरा का पडलास?"

६

दुसऱ्या दिवशी मालाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला पंच म्हणून न्हावी, दुकानदार आणि गावातले आणखी काहीजण बसले. तांबड्याला हात बांधून आणलं. पुढच्या बाकावर एन्सल आणि ऑर्फा. शेरीफ आला नव्हता. मागे दोन माणसांनी कोटाखाली काय आणलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

मॉट टेबलामागे उभा राहिला. रात्रभर त्याला झोप नव्हती. त्याच्यापुढे दुसरी वाट असती तर त्याने घेतली असती. पण न बोलावं तर शेडच्या मागच्या खांबाला एक माणूस लटकणार होता. नालायक होता, पण या खुनात त्याचा हात नव्हता.

"जखम डोक्याच्या मागं आहे," त्याने सांगितलं. "डोरसीची पाठ बोगद्याकडं होती. इशाऱ्याच्या दोऱ्या मी जाऊन पाहिल्या. सगळ्या जागेवर आहेत. गार्डनंही पाहिल्या." हॅस्केलने मान हलवली. "जागा बदलणं हा गुन्हा नाही. मग कॉरिगनवर ठेवायचं काय? दोऱ्या लोंबत असताना एखादा वाकला नाही तर त्याला दुसरा काय करणार? पंचांनी ठरवावं. मला तर वाटतं, हे पुन्हा मृताच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचं..."

शेडमध्ये कुजबुज झाली. न्हाव्याने शेजाऱ्याकडे बघून खांदे उडवले. तांबड्याने मान वर केली आणि न मिटलेल्या एका डोळ्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू दार शोधत होता.

"नाही!" एन्सल उभा राहिला. "पुन्हा तेच शब्द? एल्ब्रिज, तूसुद्धा? लूथरच्या वेळी हेच लिहिलं होतं! हा सुटायचा नाही. दोऱ्या वर बांधल्या होत्या, म्हणून पोराला कळलं नाही. यानंच बांधल्या. मी बायबलवर हात ठेवून सांगतो, मी पाहिलं याला."

हॅस्केलने डोळे मिटले.

मॉटने टेबलावर दोन्ही हात टेकले. "दोऱ्या बांधल्या होत्या?" त्याने विचारलं. "हे मी बोललो नाही, एन्सल. ओरिननं कुणाला सांगितलेलं नाही. मी आणि तो गेलो तेव्हा दोऱ्या खाली लोंबत होत्या. तुला कुणी सांगितलं?"

"मी... म्हटलं ना, पाहिलं."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. पावसात."

"परवा संध्याकाळी हा पिकन्सला माझ्यासमोर जेवत होता," हॅस्केल जागेवरूनच म्हणाला.

"पण ते राहू दे," मॉट म्हणाला. "समजू या, तू दोऱ्या बांधलेल्या पाहिल्यास. बोगद्याचा मुकादम तू. सकाळच्या गाडीच्या टपावर तुझा पोरगा येणार होता. तू वर चढून त्या सोडल्या का नाहीस?"

एन्सलचं तोंड उघडलं. त्याने तांबड्याकडे पाहिलं, मग मॉटकडे, आणि एखाद्या पोराला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाला, "डोरसी मागच्या बाजूला असतो. मागच्याचं तोंड बोगद्याकडं असतं. मागच्याला काही होत नाही."

ते वाक्य कानावर पडताच तो स्वतःच थांबला. हात हवेत तसाच राहिला.

"गाडीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं की पुढं डोरसी आहे," मॉट म्हणाला. आता त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "त्यांच्यातल्या कुणी सापळा लावला असता तर तो डोरसीसाठी ठरला असता, आणि डोरसीचा वैरी कुणी नव्हता. सापळा लावणाऱ्याला पुढं तांबड्या आहे असंच वाटत होतं. काल बोगद्यातून बाहेर येताना तू ताडपत्रीकडं पाहिलं नाहीस, एन्सल. तू तांबड्याला उभा पाहिलंस आणि तुझा हातोडा गळून पडला. मेलेला माणूस उभा दिसावा तसा."

"गाडी बोगद्यात शिरली," एन्सल म्हणाला. तो आता कुणाशीच बोलत नव्हता. "धूर होता. टपावर कुणीतरी कोसळलेलं दिसलं. मला बरं वाटलं. देवाशपथ, इतकं बरं वाटलं होतं. मी दोऱ्या सोडल्या आणि शीळ घालत बोगद्यातून आलो."

मागच्या दोन माणसांनी कोट घट्ट लपेटून घेतले आणि नजर खाली केली.

ऑर्फा बसल्या जागी वळली. "रविवारी त्यानं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आई, मी पुढं आहे, म्हणाला. तू बाहेर तंबाखू ओढत होतास."

"मला का नाही सांगितलंस?" एन्सल ओरडला. "ऑर्फा, एका शब्दानं का नाही बोललीस?"

"तू कुठं बोलू देत होतास?"

७

शेरीफने दुपारी एन्सलला नेलं. जाताना एन्सलने एकच मागणं केलं, पोराच्या दफनाला उभं राहू द्या. शेरीफ तयार होता. त्याने ऑर्फाला विचारलं, आणि ती नको म्हणाली.

तांबड्याचे हात सोडले. लूथरचं प्रकरण कंपनीने केव्हाच बंद केलं होतं आणि वाळूच्या खोपटातल्या कबुलीला साक्षीदार नव्हता. मॉटने कंपनीच्या साहेबाला गाठून सांगितलं. साहेबाने खेद व्यक्त केला आणि सध्या ब्रेकवाल्यांची फार टंचाई असल्याचं सांगितलं. बोटं बरी होताच तांबड्या पुन्हा पुढच्या जागेवर चढला. त्याच्याशी कुणी बोलत नसे. पण गाडीवर त्याची जागा होती.

दफन आटोपल्यावर ऑर्फा मॉटच्या कारखान्यात आली. कंपनीने घर रिकामं करायला सांगितलं होतं, ती बहिणीकडे निघाली होती. रंध्याच्या भुशात ती तशीच उभी राहिली.

"लूथरचं काय?" तिने विचारलं. "तू त्या खोपटात गेला होतास. तो काहीतरी बोलला असेल. खोटं सांगू नकोस."

मॉटने खोटं सांगायची तयारी केली होती. तिच्या डोळ्यांकडे बघून ते जमलं नाही. त्याने सगळं सांगितलं, हात हलवल्यापासून बेडकाच्या उडीपर्यंत.

"म्हणजे एन्सल खरं बोलत होता," ती म्हणाली. "लूथर गेला त्या रात्रीपासून तो एकच सांगत होता, मुद्दाम केलं, मुद्दाम केलं. आणि मी म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलंय याचं. पाद्रीही म्हणायचा. तूही म्हणायचास, एल्ब्रिज."

"हो. मीही."

"कुणी एकानं जरी त्याला खरं मानलं असतं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. शाल आवळली आणि गेली.

खटला लवकर संपला. फाशीचा दिवस ठरला तेव्हा ऑर्फा गाडी बदलत बदलत तुरुंगात आली. मॉट तिला घेऊन आत गेला. एन्सल गजांपाशी धावला. दाढी पांढरी झाली होती, पट्टा काढून घेतल्यामुळे विजार एका हाताने धरलेली होती.

"लूथरबद्दल तुझं खरं होतं," ऑर्फा म्हणाली. "तांबड्यानं मुद्दाम इशारा दिला होता. गंमत म्हणून. तेवढं सांगायला आले."

एन्सलचे ओठ हलले. मग तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि गजांमधून हात बाहेर काढला. "बस ना," तो म्हणाला. "ऑर्फा, थोडा वेळ बस माझ्याजवळ."

पहारेकऱ्याने स्टूल पुढे सरकवलं. ऑर्फाने स्टुलाकडे पाहिलं, त्या बाहेर आलेल्या हाताकडे पाहिलं.

"माझी गाडी चुकेल," ती म्हणाली आणि वळली.